ओपनएसएसएलमधल्या चाव्यांचा कारभार कसा बदलला

आरएसए ही एन्क्रिप्शनची आणि डिजिटल सहीची एक पद्धत. तिची खासगी चावी, जिने मालक सही करतो, म्हणजे आठ आकडे. एन, ई, डी, पी, क्यू, आणि हिशेब लवकर व्हावा म्हणून आधीच काढून ठेवलेले आणखी तीन. हे आकडे भलेमोठे असतात. 2048 बिटांच्या चावीतला एन कागदावर लिहायला घेतला तर 617 अंकी भरतो. एन आणि ई जगजाहीर असतात, बाकीचे सहा गुपित. त्या सहांपैकी एकटा पी जरी फुटला तरी चावी गेली म्हणून समजा, कारण एनला पीने भागलं की क्यू मिळतो आणि उरलेले आकडे साध्या गणिताने निघतात.

आता समजा, एखाद्या प्रोग्रामला ही चावी वापरून फक्त सही करायची आहे. त्याला हे आठ आकडे दिसायला हवेत का?

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाने, जवळजवळ वीस वर्षं या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर दिलं होतं. कुणी तसं ठरवून दिलं नव्हतं, कोडच तसा लिहिला गेला होता. ते उत्तर ‘नाही’ असं बदलायला दोन मोठ्या आवृत्त्या लागल्या, 2016 सालची 1.1.0 आणि 2021 सालची 3.0. त्या बदलात जगभरातल्या असंख्य प्रोग्रामांचा कोड मोडला, काही गोष्टी हळू झाल्या, लोक चिडले. तरीही मला हा बदल आवश्यक वाटतो.

ओपनएसएसएलची सुरुवात डिसेंबर 1998 मधली. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी लिहिलेल्या ‘एसएसएलईय’ या लायब्ररीच्या पायावर ती उभी राहिली. ब्राउझरमध्ये वेबसाइट सुरक्षित दिसते तेव्हा पलीकडच्या सर्व्हरवर अनेकदा हीच लायब्ररी काम करत असते. पायथॉन, पीएचपी, नोड-जेएस, पोस्टग्रेस हे सगळे एन्क्रिप्शनसाठी तिच्याकडेच वळतात. त्यामुळे तिच्या एका फंक्शनचं नाव बदललं तरी त्याचे पडसाद फार दूरवर उमटतात.

उघडी रचना

ओपनएसएसएल सी भाषेत लिहिलेली आहे. सी मध्ये एकमेकांशी संबंधित माहिती एकत्र बांधून ठेवायला ‘स्ट्रक्चर’ वापरतात. जुन्या ओपनएसएसएलमध्ये ‘आरएसए’ नावाचं स्ट्रक्चर होतं आणि त्याची आतली सगळी रचना हेडर फाइलमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामांना वाचायला दिलेल्या फाइलमध्ये, जाहीर केलेली होती. म्हणजे कोणताही प्रोग्राम त्या स्ट्रक्चरमधला डी थेट वाचू शकत होता आणि पी बदलूही शकत होता. दुकानदाराने गिऱ्हाइकाला सरळ कोठीत सोडावं आणि ‘हवं ते घे, हवं ते ठेव’ म्हणावं, तसा हा मामला होता.

यातला सगळ्यात वरवरचा धोका लगेच लक्षात येतो: गुपित आकडा चुकून लॉगमध्ये छापला जाईल, नको त्या ठिकाणी कॉपी होईल. पण लायब्ररी सांभाळणाऱ्यांना छळणारे त्रास वेगळे होते.

पहिला त्रास असा, की प्रोग्राम कंपाईल झाल्यावर, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरल्यावर, त्यात ‘डी’ हे नाव उरत नाही. उरतं ते एवढंच, की स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून इतक्या बाइटवर जा आणि तिथे जे असेल ते उचल. उद्या लायब्ररीने मध्येच एखादी नवी गोष्ट घातली की सगळे आकडे पुढे सरकतात आणि जुना प्रोग्राम भलत्याच जागी हात घालतो. तो लगेच कोसळला तर नशीब म्हणायचं. न कोसळता चुकीचा आकडा घेऊन पुढे गेला, तर पुढे काय होईल याचा नेम नाही. त्यामुळे लायब्ररीच्या लेखकांना स्वतःच्याच घरात भिंत हलवायची सोय उरली नव्हती.

दुसरा त्रास लपलेल्या हिशेबांचा. आरएसएची गणितं जलद व्हावीत म्हणून लायब्ररी ‘मॉन्टगोमेरी’ पद्धतीची काही तयार उत्तरं त्याच स्ट्रक्चरमध्ये साठवून ठेवते. ती एन, पी आणि क्यूवरून काढलेली असतात. आता एखाद्या प्रोग्रामने बाहेरून परस्पर एन बदलला तर लायब्ररीला त्याचा पत्ताच लागत नाही. साठवलेली उत्तरं जुन्या एनची, चावी नव्या एनची.

तिसरा त्रास सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. ई-टेंडर भरणाऱ्यांकडे किंवा कंपन्यांचे रिटर्न भरणाऱ्या सीएंकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. खासगी चावी त्या टोकनच्या आतच जन्माला येते आणि तिथून बाहेर पडत नाही. कॉम्प्युटर टोकनला ‘यावर सही कर’ एवढंच सांगतो आणि तयार सही परत घेतो. मोठ्या संस्थांमध्ये हेच काम ‘एचएसएम’ नावाची खास यंत्रं करतात.

अशा चावीला डी असतो, पण तो टोकनबाहेर कुणालाही मिळत नाही. आणि जुने प्रोग्राम तर ‘डी रिकामा आहे का’ हे पाहूनच चावी खासगी आहे की सार्वजनिक ते ठरवायचे. टोकनमधली अस्सल खासगी चावी त्यांना सार्वजनिकच वाटणार. खुद्द ओपनएसएसएलमध्येही यासाठी पळवाट काढावी लागली होती. खासगी आणि सार्वजनिक चावीची जोडी जुळते का हे तपासू नकोस, असं सांगणारा एक खास फ्लॅग स्मार्ट कार्डांसाठी ठेवलेला होता. सर्वात सुरक्षित प्रकारच्या चावीसाठी तपासणीच बंद करायला लावणारा इंटरफेस मुळातच चुकलेला असतो.

हार्टब्लीडने काय दाखवलं

7 एप्रिल 2014 रोजी ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएलच्या 1.0.1 मालिकेत, ‘हार्टबीट’ नावाच्या एका छोट्या सोयीत, समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता मान्य केली जात होती. त्यामुळे बाहेरचा कुणीही एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला 64 किलोबाइटपर्यंतचा तुकडा मागून घेऊ शकत होता, आणि पुन्हा पुन्हा मागू शकत होता. त्यातून खासगी चावी खरंच मिळते का, अशी शंका काहींना होती. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने मुद्दाम एक सर्व्हर उघडा ठेवून आव्हान दिलं, आणि त्याच दिवशी लोकांनी त्यातून चावी काढून दाखवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण याबाबत बराच गोंधळ असतो. चावीचं स्ट्रक्चर झाकलं असतं तर हार्टब्लीड टळला असता का? नाही. सी भाषेत ‘झाकणं’ म्हणजे फक्त रचना जाहीर न करणं. मेमरीत ते आकडे असतातच, आणि मेमरी वाचू शकणाऱ्याला ते मिळतातच. झाकण्याचा फायदा वेगळा आहे. प्रोग्रामला आकड्यांची सवयच नसेल, तर उद्या चावी वेगळ्या प्रोसेसमध्ये, टोकनमध्ये किंवा एचएसएममध्ये हलवता येते आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. मग मेमरी फुटली तरी त्यात चावी सापडत नाही.

हार्टब्लीडनंतर ओपनएसएसएलकडे पैसा आणि माणसं दोन्ही आली. त्याच वर्षी ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी ‘लिबरएसएसएल’ आणि गूगलने ‘बोरिंगएसएसएल’ अशा वेगळ्या चुली मांडल्या. मूळ प्रकल्पाने मात्र घर आतून दुरुस्त करायला घेतलं.

1.1.0: दार बंद

ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या 1.1.0 ने आरएसए आणि तिच्यासारखी बहुतेक सगळी स्ट्रक्चरं झाकून टाकली. आकडे हवे असतील तर आता फंक्शनला विचारायचं. एन, ई, डी एका फंक्शनकडून, पी आणि क्यू दुसऱ्याकडून, उरलेले तीन तिसऱ्याकडून.

या फंक्शनांच्या नावांत एक छोटा आकडा असतो आणि त्यात मेमरीचा सगळा व्यवहार दडलेला आहे. ‘गेट-झिरो’ म्हणजे मी तुला वस्तू दाखवतो, पण मालकी माझीच; तू ती मोकळी करायची नाहीस. ‘गेट-वन’ म्हणजे तुझाही हक्क नोंदवला. काम झालं की तो सोडून द्यायची जबाबदारी तुझी. ‘सेट-झिरो’ म्हणजे तू दिलेली वस्तू आता माझी झाली. सेट-झिरो केल्यावर तीच वस्तू सवयीने मोकळी केली, तर पुढे लायब्ररीही तीच मेमरी पुन्हा मोकळी करू पाहते. अशी दोनदा मोकळी केलेली मेमरी हा हल्लेखोरांच्या आवडीचा रस्ता आहे. उलट गेट-वन करून सोडायला विसरलात, तर मेमरी गळत राहते आणि महिनोन्महिने चालणारा सर्व्हर हळूहळू फुगत जातो. मॅन्युअलमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. तरीही नवशिक्या माणसाला शून्य आणि एक यांतला फरक कुणीतरी शेजारी बसून सांगावा लागतो, हे या इंटरफेसचं उणेपण आहे असं मला वाटतं.

सेट-झिरोचा एक चांगला गुण मात्र नोंदवायला हवा. एन आणि ई पहिल्यांदा भरताना ते एकत्रच द्यावे लागतात, एकटा डी देऊन भागत नाही. पूर्वीसारखी एकेक आकडा टाकत अर्धवट भरलेली चावी आता बनत नाही.

त्रास व्हायचा तो झालाच. चावीच्या पोटात हात घालणारा प्रत्येक प्रोग्राम कंपाईल होईनासा झाला. त्यातही गोची अशी, की ही नवी फंक्शनं आधीच्या 1.0.2 मध्ये नव्हतीच. दोन्ही आवृत्त्यांवर चालायला हवं असेल, तर जुन्या आवृत्तीसाठी तीच फंक्शनं स्वतः लिहून कोडमध्ये ठेवावी लागत. डेबियन 9 या लिनक्स आवृत्तीत जुनी आणि नवी अशा दोन्ही ओपनएसएसएल शेजारी शेजारी द्याव्या लागल्या. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला वापरतात त्या ओपनएसएसएचसारख्या प्रकल्पाने नव्या इंटरफेसला पाठिंबा दिला तो ऑक्टोबर 2018 मधल्या 7.9 आवृत्तीत.

3.0: चावी कोणाची, काम कोणाचं

1.1.0 ने दार बंद केलं, पण आतली मांडणी जुनीच राहिली. खरा फेरविचार झाला 3.0 मध्ये. त्यामागे एक अगदी व्यावहारिक अडचण होती. अमेरिका आणि कॅनडाच्या सरकारी कामांसाठी ‘फिप्स’ प्रमाणपत्र मिळालेलंच क्रिप्टोग्राफी मॉड्यूल लागतं. ओपनएसएसएलचं जुनं प्रमाणित मॉड्यूल फक्त 1.0.2 बरोबर चालायचं, आणि 1.0.2 चा सार्वजनिक पाठिंबा 2019 च्या अखेरीस संपला. वेबवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस या नियमावलीची 1.3 ही नवी आवृत्ती तर ओपनएसएसएलच्या पुढच्या 1.1.1 मध्ये आली होती. म्हणजे प्रमाणपत्र हवं असेल तर नवं टीएलएस नाही, आणि नवं टीएलएस हवं असेल तर प्रमाणपत्र नाही.

यावर निघालेलं उत्तर म्हणजे ‘प्रोव्हायडर’. प्रत्यक्ष गणित करणारा कोड मूळ लायब्ररीपासून वेगळा काढला. नेहमीच्या कामासाठी ‘डिफॉल्ट’, प्रमाणित कामासाठी ‘फिप्स’, आरसी4 आणि ब्लोफिशसारख्या जुन्या पद्धतींसाठी ‘लेगसी’. बाहेरची कंपनी किंवा संस्थाही आपला प्रोव्हायडर लिहून जोडू शकते. हे सगळं उभं करायला तीन वर्षं, 17 अल्फा आवृत्त्या, 2 बीटा आवृत्त्या आणि 350 हून अधिक जणांचा हातभार लागला. 7 सप्टेंबर 2021 रोजी 3.0 बाहेर आली.

या मांडणीत चावी म्हणजे काय? प्रोग्रामच्या हातात ‘ईव्हीपी-पीकी’ नावाची एक बंद वस्तू असते. ती पूर्वीही होती, पण तेव्हा तिच्या पोटात थेट आरएसएचं स्ट्रक्चर असायचं. आता तिच्या पोटात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, त्या प्रकारच्या चाव्या सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाचा पत्ता. आणि दोन, प्रोव्हायडरच्या खासगी मालकीची माहिती, जी आत काय आहे हे मूळ लायब्ररीलाही कळत नाही. ‘की-मॅनेजमेंट’ म्हणतात तो हा व्यवस्थापक. नवी चावी तयार करणं, बाहेरून आलेली आत घेणं, परवानगी असेल तर बाहेर देणं, दोन चाव्या एकच आहेत का हे पाहणं, चावी वैध आहे का ते तपासणं ही त्याची कामं. आणि आणखी एक छोटा पण मोलाचा प्रश्न त्याला विचारता येतो: या चावीत खासगी भाग आहे का? डी रिकामा आहे का हे डोकावून पाहण्याऐवजी आता लायब्ररी व्यवस्थापकाला विचारते आणि तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो. यूएसबी टोकनमधली चावीही निःसंकोच ‘आहे’ म्हणू शकते.

मला या रचनेतला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा. समजा चावी एका प्रोव्हायडरकडे आहे आणि सही करायची आहे दुसऱ्याच्या कोडने. मग मूळ लायब्ररी पहिल्याला चावी निर्यात करायला सांगते, दुसऱ्याला ती आयात करायला सांगते, आणि ती प्रत साठवून ठेवते, म्हणजे दर सहीला हा खटाटोप नको. मूळ चावी मध्येच बदलली तर एक मोजणी पुढे सरकते आणि साठवलेल्या प्रती शिळ्या ठरतात. एन परस्पर बदलण्याचा तो जुना घोळ इथे मुळातून सुटला आहे. आणि चावी बाहेर न पडणाऱ्या यंत्रातली असेल, तर निर्यात साफ नाकारली जाते आणि काम चावीच्या घरीच करावं लागतं.

निर्यात-आयातीसाठी सर्वांना समजेल अशी एक ठरलेली यादी लागते. तिला ‘ओएसएसएल-पॅरम’ म्हणतात. यादीतल्या प्रत्येक ओळीत नाव, प्रकार, माहिती आणि तिचा आकार. आरएसएसाठी ‘एन’, ‘ई’, ‘डी’ ही नावं. एलिप्टिक कर्व्ह या दुसऱ्या प्रकारच्या चावीसाठी ‘ग्रुप’ या नावाखाली ‘पी-256’ असं कर्व्हचं नाव, शिवाय ‘पब’ आणि ‘प्रिव्ह’, म्हणजे सार्वजनिक आणि खासगी भाग. उद्या नवी पद्धत आली तर नवं स्ट्रक्चर जाहीर करायला नको, नवी नावं ठरली की पुरे.

याची किंमत

पूर्वी फिल्डचं नाव चुकलं तर कंपायलर तिथेच अडवायचा. आता नाव म्हणजे साधी अक्षरं. ती हाताने टाइप केली आणि चुकली, तर कंपायलरला काही कळत नाही, आणि समोरचा प्रोव्हायडरही अनोळखी नावाकडे सहसा दुर्लक्ष करून पुढे जातो. प्रोग्राम चालतो, सेटिंग मात्र लागू झालेलीच नसते. म्हणून लायब्ररीने हेडरमध्ये आधीच ठरवून दिलेली मॅक्रो नावंच वापरावीत, त्यांत चूक झाली तर निदान कंपाईल करताना कळते.

दुसरी किंमत जुन्या फंक्शनांच्या बदललेल्या वागण्याची. ईव्हीपी-पीकीमधून आरएसए काढून देणारं गेट-झिरो फंक्शन 3.0 मध्येही आहे. पण चावी प्रोव्हायडरकडे असेल तर ते तिची एक प्रत हातात देतं. 1.1.1 मध्ये त्यात केलेला बदल मूळ चावीत दिसायचा, आता दिसत नाही. लेखकांनी परत मिळणारी वस्तू ‘कॉन्स्ट’, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, अशी जाहीर केली, त्यामुळे कंपायलर निदान इशारा देतो. तो इशारा गप्प बसवून पुढे जाणाऱ्याला मात्र पुढे फार शोधाशोध करावी लागते.

तिसरी किंमत वेगाची, आणि तक्रारी सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच झाल्या. फाइलमधली चावी वाचताना 3.0 ‘डीकोडरां’ची साखळी लावते. आधी पेम, म्हणजे चावीचं मजकुराच्या रूपातलं वेष्टन, उलगडा, मग आत डीईआर ही बाइटच्या रूपातली मांडणी आहे का पाहा, मग ती कोणत्या प्रकारची चावी आहे हे एकेकाला विचारा. त्यामुळे चावी वाचणं 1.1.1 पेक्षा हळू झालं. शिवाय अल्गोरिदम दरवेळी नावाने शोधून आणावा लागतो आणि एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड असतील तर लॉकपाशी रांग लागते. अल्गोरिदम एकदाच शोधून हाताशी ठेवा, असा सल्ला प्रकल्पाने दिला आणि 3.1 पासून पुढे सुधारणाही होत गेल्या. सामान्य वेबसाइटला हा फरक जाणवत नाही. हजारो सर्टिफिकेट सांभाळत अनेक सर्व्हरांत काम वाटणाऱ्या लोड बॅलन्सरला मात्र जाणवतो, आणि अशांची नाराजी मला रास्त वाटते.

फळ कुठे दिसलं

क्वांटम कॉम्प्युटरला पुरून उरतील अशा पद्धतींचे पहिले तीन मानक ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने जाहीर केले. त्यांच्या चाव्यांत एन नाही, ई नाही, पी-क्यू तर नाहीतच. त्यांपैकी सहीसाठीच्या एमएल-डीएसए-65 या पद्धतीची पूर्ण उलगडलेली खासगी चावी 4032 बाइटची असते, आणि तीच चावी 32 बाइटच्या एका बीजापासून पुन्हा तयार करता येते. मग फाइलमध्ये काय ठेवायचं, बीज की उलगडलेली चावी की दोन्ही, यावर जाणकारांत बराच खल झाला. जुन्या मांडणीत असा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामच्या दारात येऊन बसला असता. आता तो प्रोव्हायडरच्या आतच मिटतो.

मानक ठरण्याआधीच ‘ओपन क्वांटम सेफ’ प्रकल्पाने आपला प्रोव्हायडर लिहून लोकांना या पद्धती वापरून पाहायला दिल्या होत्या, तेही ओपनएसएसएलच्या मूळ कोडला हात न लावता. एप्रिल 2025 मधल्या 3.5 आवृत्तीत त्या डिफॉल्ट प्रोव्हायडरमध्येच आल्या. त्याच आवृत्तीत ‘ईव्हीपी-एसकी’ ही नवी बंद वस्तूही आली. एईएससारख्या पद्धतींत दोन्ही बाजूंकडे एकच चावी असते आणि तोवर ती प्रोग्रामला साध्या बाइटच्या रूपात द्यावी लागायची. आता तीही झाकून ठेवता येते.

एका बाबतीत मात्र ओपनएसएसएलपेक्षा इतरांनी पुढचा विचार केला आहे. एम्बेड-टीएलएस या दुसऱ्या लायब्ररीतल्या ‘पीएसए’ इंटरफेसमध्ये प्रोग्रामच्या हातात चावीचा फक्त एक क्रमांक असतो, आणि चावी बनवतानाच तिचा परवाना ठरतो: हिने सही करता येईल, या अल्गोरिदमनेच करता येईल, बाहेर काढता येणार नाही. निर्यातीची परवानगी दिली नसेल तर लायब्ररी स्पष्ट नकार देते. गूगलच्या ‘टिंक’ लायब्ररीमध्ये खासगी चावीचे बाइट काढायला एक वेगळी वस्तू द्यावी लागते, जिच्या नावातच ‘असुरक्षित’ हा शब्द आहे. कोड तपासणारा तो शब्द शोधून गुपिताला हात लावणाऱ्या सगळ्या जागा काढू शकतो. ओपनएसएसएलच्या डिफॉल्ट प्रोव्हायडरमधल्या चावीला मात्र तुम्ही नावाने ‘डी’ मागितलात तर ती देते. फरक इतकाच, की आता तो मुद्दाम मागावा लागतो.

तुमच्याकडे सी मधला जुना कोड असेल, तर एपीआय-कॉम्पॅट 30000 आणि नो-डेप्रिकेटेड ही दोन मॅक्रो देऊन तो एकदा कंपाईल करून पाहा. कालबाह्य ठरवलेली फंक्शनं त्यामुळे हेडरमधून गायब होतात आणि कुठे कुठे त्यांचा वापर आहे ते एररमधून समोर येतं. बऱ्याच जागी बदल सोपा असतो: आरएसए चावी वाचणाऱ्या खास फंक्शनऐवजी कोणतीही खासगी चावी वाचणारं सर्वसाधारण फंक्शन, कर्व्हचं स्ट्रक्चर काढण्याऐवजी त्याचं फक्त नाव विचारणं. जिथे कोड डी किंवा पी मागतो तिथे मात्र थांबून कारण शोधा. चावी फाइलमध्ये लिहायची असेल तर ते काम एन्कोडर करतो, आणि सही करायला ईव्हीपी-पीकी पुरेशी असते.